तीन वर्षं, तीन कोच आणि एकच बॉल

मे २०२३ मध्ये फिनिक्स सन्सने मॉन्टी विल्यम्सला काढलं. मे २०२४ मध्ये फ्रँक व्होगेलला काढलं. एप्रिल २०२५ मध्ये माइक बुडनहोल्झरला. सलग तीन वर्षं, तीन कोच, आणि तिघंही ऐरेगैरे नव्हेत. पहिला २०२१-२२ चा ‘कोच ऑफ द इयर’. दुसऱ्याने २०२० मध्ये लेकर्सना चॅम्पियन केलं. तिसऱ्याने २०२१ मध्ये मिल्वॉकी बक्सना. त्या फायनलमध्ये बक्सनी हरवलं कुणाला, तर याच सन्सना! ज्या माणसाने आपल्याला फायनलमध्ये हरवलं त्याला तीन वर्षांनी मोठ्या कौतुकाने बोलावलं आणि एका सीझनमध्ये घरी पाठवलं.

फिनिक्समधली संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते. म्हणजे ती बऱ्याच जणांनी लोकलमध्ये नाहीतर पहिल्या लेक्चरला शेवटच्या बाकावर मोबाइल लपवून बघितलेली असते. मॅच हरली की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, ‘कोच बकवास आहे, काढा याला.’ सन्सच्या मालकांनी तिन्ही वेळा नेमकं तेच केलं. आणि टीम दर वर्षी थोडी थोडी खालीच घसरत गेली.

माझं म्हणणं असं, की सन्सचा घोळ बाकावर उभ्या असलेल्या माणसाने घातलेला नव्हता. तो कोर्टवर उतरणाऱ्या पाच जणांच्या निवडीतच होता. तिन्ही कोच चुकले, हे खरं. पण त्यांच्या बहुतेक चुका त्यांच्या हातात जे सामान दिलं होतं त्यातून आलेल्या होत्या.

आधी चांगलं काय होतं ते बघू. २०२१-२२ मध्ये सन्सनी ८२ पैकी ६४ मॅच जिंकल्या. त्या टीममध्ये प्रत्येकाला आपलं काम पाठ होतं. ख्रिस पॉल बॉल घेऊन येणार आणि मॅचचा वेग ठरवणार. डेव्हिन बुकर पॉइंट्स काढणार. मिकाल ब्रिजेस समोरच्या टीमच्या सगळ्यात धोकादायक प्लेअरच्या मानगुटीवर बसणार. उंच डिआंड्रे एटन स्क्रीन लावून रिंगकडे धावणार. चकचकीत काही नाही, पण घड्याळासारखं चालणारं.

त्याच वर्षी प्लेऑफमध्ये डॅलसविरुद्धच्या सातव्या, निर्णायक मॅचमध्ये, स्वतःच्या घरी, ही टीम हाफटाइमला ३० पॉइंट्सनी मागे होती. पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्धच्या सहाव्या मॅचमध्ये, पुन्हा घरीच, पुन्हा हाफटाइमला ३० पॉइंट्सनी मागे. एकदा झालं तर अपघात म्हणता येतं. दोनदा झाल्यावर विल्यम्सकडे बोट जाणारच, आणि त्यात गैर काही नाही. डॅलसच्या त्या मॅचमध्ये एटन जेमतेम १७ मिनिटं खेळला होता. कोच आणि सेंटर यांचं जमत नाहीये, हे सगळ्या जगाला दिसत होतं.

पण डेन्व्हरविरुद्ध खेळलेली टीम ६४ मॅच जिंकणारी टीम राहिलीच नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅट इश्बिया हे नवे मालक आले आणि काही दिवसांतच केविन ड्युरंटसाठी ट्रेड झाला. बदल्यात ब्रिजेस गेला, कॅम जॉन्सन गेला, आणि ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे चार पिक गेले. ड्युरंट नियमित सीझनमध्ये नव्या टीमकडून फक्त ८ मॅच खेळला. आठही जिंकल्या, त्यामुळे सगळे खूश! मग जूनमध्ये ख्रिस पॉलला देऊन वॉशिंग्टनकडून ब्रॅडली बीलला आणलं. पाच वर्षांचा २५ कोटी डॉलरच्या वरचा करार, आणि त्यात माझ्या मर्जीशिवाय माझा ट्रेड करता येणार नाही हे कलम. सन्सनी ते कलमही गुपचूप सोबत उचललं. या कलमाने पुढे काय केलं ते येईलच.

आता झालं काय? बुकर, बील आणि ड्युरंट हे तिघंही बॉल हातात असला की फुलणारे खेळाडू. तिघांनाही ड्रिबल करून, मिडरेंजला थांबून शॉट मारायला आवडतं. कबड्डीत बघा, सातपैकी तीन जण स्टार चढाईपटू घेतले आणि उजवा-डावा कोपरा सांभाळायला कुणी धड ठेवलाच नाही, तर काय होईल? चढाई एका वेळी एकच जण करणार. बाकीचे दोन कोट्यधीश उभे राहून बघणार. आणि समोरचा रेडर आला की पकड करायला कोणी नाही.

बास्केटबॉलमध्ये तर हिशोब आणखी निष्ठुर आहे. दोन पॉइंट्सचा लांबचा शॉट ४५ टक्के पडला तर एका शॉटमागे सरासरी ०.९ पॉइंट मिळतो. तीनचा शॉट फक्त ३६ टक्के पडला तरी १.०८. ड्युरंट मिडरेंजचा बादशहा आहे, त्याचे निम्म्याहून जास्त शॉट पडतात, त्याला हा नियम लागू नाही. पण टीममधल्या प्रत्येकाने ड्युरंटसारखं खेळायचं ठरवलं तर बाकीचे ड्युरंट नसतात ना! शिवाय बील कोपऱ्यात उभा राहून पासची वाट बघण्यात रमणारा नव्हे. ते काम ग्रेसन अ‍ॅलनने केलं. २०२३-२४ मध्ये तो तीनच्या शॉटच्या टक्केवारीत सगळ्या लीगमध्ये पहिला होता, ४६.१ टक्के. या टीमला चौथा-पाचवा स्टार नको होता, आणखी दोन-तीन अ‍ॅलन हवे होते. पण अ‍ॅलनचं पोस्टर कोण लावतं?

पॉल गेल्यावर खरा पॉइंट गार्डच उरला नाही. बॉल वर आणायचं, सगळ्यांना जागेवर उभं करायचं, शेवटच्या चार मिनिटांत डोकं थंड ठेवायचं, हे सगळं बुकरच्या गळ्यात आलं. म्हणजे टीमच्या सगळ्यात चांगल्या शूटरला टीमचा मॅनेजरही केलं. चौथ्या क्वार्टरमध्ये हातातल्या मॅच सुटायला लागल्या त्या इथे. आळीपाळीने एकेकाने बॉल घ्यायचा, बाकीच्यांनी बघायचं, २४ सेकंद संपत आले की अवघड शॉट. हे बघताना आपल्या कॉलेजच्या टीममधले दोन ‘हिरो’ आठवले तर दोष तुमचा नाही.

या गोंधळात आले व्होगेल. व्होगेल म्हणजे डिफेन्सचा माणूस. लेकर्सबरोबर त्यांचा फॉर्म्युला साधा होता. समोरच्याने पिक अँड रोल केला की सेंटरने मागे, रिंगजवळ थांबायचं आणि गार्डने स्क्रीनच्या वरून जाऊन बॉलवाल्याचा पाठलाग करायचा. याला लागतो मागे अँथनी डेव्हिससारखा खांब आणि पुढे चिवट गार्ड. फिनिक्समध्ये मागे होता युसुफ नुर्किच. ताकदवान, पास चांगले देतो, पण पाय जड. पुढे बुकर आणि बील. स्क्रीनवर आपटून पुन्हा पाठलाग करायला ब्रिजेस होता, त्याला तर ड्युरंटसाठी देऊन टाकलेलं. म्हणजे व्होगेलना आमटी करायला सांगितली, पण डाळ आधीच विकून टाकलेली होती.

तरीही ४९ मॅच जिंकल्या. नियमित सीझनमध्ये मिनेसोटाला तिन्ही मॅचमध्ये हरवलं. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत तेच मिनेसोटा समोर आलं आणि ४-० ने धुऊन गेलं. अँथनी एडवर्ड्सने शेवटच्या मॅचमध्ये ४० काढले. रुडी गोबेअर आणि कार्ल-अँथनी टाउन्स या उंच जोडीपुढे सन्स रिबाउंडलाच कमी पडले. इथे मात्र व्होगेलवर टीका हवी. चार मॅचमध्ये त्यांना वेगळं उत्तर सापडलं नाही. पण कोणत्या प्लेअरला बोलावून उत्तर शोधायचं, हाही प्रश्न आहेच.

बाक रिकामा का होता, तर त्याला पैशांचं कारण आहे. २०२३ च्या नव्या करारात एनबीएने खर्चावर ‘सेकंड अ‍ॅप्रन’ नावाची एक रेघ ओढली. ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही, देता त्यापेक्षा जास्त पगाराचा प्लेअर घेता येत नाही, आणि बाहेरून माणसं घ्यायची तर जवळजवळ किमान पगारावर येतील तीच. तीन सुपरस्टारच्या पगारांनी सन्स या रेघेच्या पार पलीकडे गेले. लीगमधली सगळ्यात महागडी टीम, आणि बाक भरायला सुट्टे पैसे. हे कोचने केलेलं नाही.

बुडनहोल्झरच्या वर्षात सगळं उघडं पडलं. किमान पगारावर टायस जोन्स हा पॉइंट गार्ड मिळाला, सुरुवात ८-१ अशी झोकात झाली. मग ड्युरंटची पोटरी दुखावली आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. जोन्स, बुकर, बील हे तीन गार्ड एकत्र खेळवले की डिफेन्सला कोणीही कुठूनही भोक पाडायचं. जानेवारीत बीलला बाकावर बसवलं. रायन डन हा नवखा, बचावात चांगला, तो कधी पहिल्या पाचात तर कधी गायब. ट्रेड करावा तर बीलचं ते कलम आडवं. शेवटी ३६ विजय, ४६ पराभव. प्लेऑफ सोडा, प्ले-इनसुद्धा नाही. इथे बुडनहोल्झर चाचपडत होते हे मान्य करायला हवं. पाच जणांची एक जोडणी ठरवून तिला महिनाभर वेळ द्यायला हवा होता, तो त्यांनी दिला नाही.

‘म्हणजे कोचला काहीच अर्थ नाही का?’ असं कोणी विचारेल. आहे, आणि त्याचा पुरावा याच गोष्टीतल्या पहिल्या माणसाकडे आहे. फिनिक्सने काढल्यावर मॉन्टी विल्यम्सला डेट्रॉइट पिस्टन्सने सहा वर्षांसाठी ७.८५ कोटी डॉलर देऊन नेलं. त्या वेळी कुठल्याही एनबीए कोचचा हा सगळ्यात मोठा करार होता. पहिल्या तीनपैकी दोन मॅच जिंकल्यावर पिस्टन्स सलग २८ मॅच हरले. एका सीझनमधला हा विक्रम. पूर्ण वर्षात १४ विजय.

तिथली टीम तरुण होती, दुखापतीही होत्या. पण इथे कोचचे निर्णय डोळ्यांना खुपत होते. केड कनिंगहॅमसारखा हुशार गार्ड हाती, त्याला रिंगकडे घुसायला मोकळी जागा हवी. ती द्यायची तर बाजूला शूटर हवेत. विल्यम्सनी सुरुवातीला जेडन आयव्हीला बाकावर ठेवून किलियन हेजला खेळवलं, ज्याच्या बाहेरच्या शॉटची कोणाला भीतीच नव्हती. त्याच हेजला फेब्रुवारीत टीमने मोकळं केलं. दोन धिप्पाड प्लेअर एकत्र आत उभे करून रिंगखालची जागा आपणच अडवली. स्टार्टर बसवून अख्खे पाच बदली खेळाडू एकदम उतरवायचे, आणि तेवढ्यात मॅच हातची जायची. या चुका थेट कोचच्या.

पुढच्या वर्षी जे. बी. बिकरस्टाफ आले. १४ चे ४४ विजय झाले! कोचची जादू? थोडी नक्कीच. पण सोबत टीमने मलिक बीझली, टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनिअर असे शॉट मारणारे अनुभवी लोक आणले. एकट्या बीझलीने त्या सीझनमध्ये तीनचे ३१९ शॉट टाकले. कनिंगहॅमला जागा मिळाली आणि तो ऑल-स्टार झाला. डेट्रॉइटने कोच बदलला आणि सामानही बदललं. फिनिक्सने दोन वर्षं फक्त आचारी बदलले.

आणि फिनिक्सने असं का केलं, याचं उत्तर मला तरी भावनेत नाही, हिशोबाच्या वहीत दिसतं. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये धरत नाहीत. सेकंड अ‍ॅप्रनची रेघ त्याला लागत नाही, त्याच्या करारात ‘मला हलवायचं नाही’ असं कलम नसतं. बील हलवता येत नव्हता, म्हणून व्होगेल हलले. फॅन्सना बातमी मिळते, मालकाने काहीतरी केलं असं दिसतं. या तिन्ही हकालपट्ट्यांच्या वेळी जनरल मॅनेजर जेम्स जोन्सच होते, आणि मालक स्वतःला काढत नसतो.

म्हणून पुढच्या वेळी सकाळी मॅच बघताना बॉल सोडून बाकीच्या चौघांकडे बघा. ते रिकाम्या जागी उभे असून पास येत नसेल, तर प्रश्न खेळाडूंचा. जिथे शॉट पडतच नाही अशा जागी त्यांना उभं केलं असेल, तर कोचचा. आणि चौघांपैकी कुणालाही उभं करायला योग्य जागाच नसेल, तर ट्रेड कुणी केला ते शोधा.

सन्सनी २०२५ च्या उन्हाळ्यात अखेर ते मान्य केल्यासारखं केलं. ड्युरंट ह्यूस्टनला गेला, बीलला पैसे देऊन मोकळं केलं, आणि जॉर्डन ऑट हे चौथे कोच आले. बीलची उरलेली रक्कम पाच वर्षांत विभागली आहे. दर वर्षी सुमारे १.९ कोटी डॉलर, २०२९-३० च्या सीझनपर्यंत, आणि ही मात्र सॅलरी कॅपमध्ये धरली जाते. व्होगेल आणि बुडनहोल्झर यांचेही करार पाच-पाच वर्षांचे होते. दोघांनी काम केलं एकेक वर्ष.