विक्रम थाळीचा की वाऱ्याचा?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी पुरुषांच्या थाळीफेकीची अंतिम फेरी झाली. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने ६९.९७ मीटर फेक केली आणि ऑलिंपिक विक्रम मोडला. आधीचा ६९.८९ मीटरचा विक्रम त्याच्याच वडिलांच्या, व्हर्जिलियस अलेक्ना यांच्या नावावर २००४ पासून होता. पण मुलाचा विक्रम त्या रात्रीपुरताही टिकला नाही. जमैकाच्या रोजे स्टोनाने बरोबर ७० मीटर अंतर गाठले आणि अवघ्या तीन सेंटिमीटरनी सुवर्णपदक नेले.

आकडेवारी पाहणाऱ्याला यात एक कोडे दिसते. चारच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, याच अलेक्नाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रमोना या लहानशा गावी ७४.३५ मीटर थाळी फेकली होती. जर्मनीच्या युर्गेन शुल्टचा १९८६ पासूनचा ७४.०८ मीटरचा विश्वविक्रम त्याने मोडला. त्या दिवशीच्या त्याच्या सहाही फेकी ७० मीटरच्या पुढे होत्या. पॅरिसमध्ये एकही नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये तो पुन्हा रमोनाला गेला आणि विक्रम ७५.५६ मीटरवर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत भर पावसात तो ६७.८४ मीटरवर थांबला. स्वीडनच्या डॅनियल स्टालने ७०.४७ मीटर फेकून सुवर्ण जिंकले.

मोठ्या स्पर्धेचे दडपण, ओले वर्तुळ ही कारणे आहेतच. पण कोड्याचे मुख्य उत्तर वाऱ्यात आहे.

शंभर मीटर धावताना पाठीमागून वारा आला तर फायदा होतो, हे सहज पटते. थाळीचे गणित उलटे आहे. तिला समोरून येणारा वारा लागतो. पुरुषांची थाळी दोन किलो वजनाची आणि सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाची असते. उत्तम खेळाडूच्या हातून ती सेकंदाला साधारण २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने सुटते. स्वतःभोवती गरगर फिरत असल्याने तिचा कल हवेत फारसा बदलत नाही आणि किंचित वर उचललेल्या पंखासारखी ती तरंगते. हवेचे बल वेगाच्या वर्गानुसार वाढते. समोरून सेकंदाला पाच मीटर वेगाचा वारा असेल, तर थाळीच्या दृष्टीने हवेचा वेग तीसच्या आसपास जातो आणि हवेचे बल सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. या वाऱ्याने थाळीला अडथळाही वाढतो. पण थाळी योग्य कोनात सुटली असेल तर वर उचलणाऱ्या बलाचा लाभ त्यापेक्षा मोठा ठरतो. विमाने शक्यतो समोरच्या वाऱ्यातच उड्डाण करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. गोळाफेकीत मात्र ७.२६ किलोच्या गोळ्याला वारा जवळजवळ जाणवतही नाही.

रमोनाचे मैदान मोकळ्या, वाऱ्याच्या माळरानावर आहे. पॅरिसचे स्टेडियम उंच प्रेक्षागृहांनी आणि छताने वेढलेले. तिथे वाऱ्याला वाव कमी. रमोनातले अंतर फुकटचे नसते, हेही खरे. वाऱ्यात थाळी किंचित सपाट सोडावी लागते, आणि कोन चुकला की तोच वारा तिला खाली पाडतो.

प्रश्न नियमांचा आहे. शंभर-दोनशे मीटर धावणे, लांब उडी, तिहेरी उडी यांत पाठीमागच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल, तर विक्रम मान्य होत नाही. जागतिक क्रमवारीचे गुण देतानाही तिथे वाऱ्याचा हिशेब होतो. थाळीफेकीत अशी कोणतीही अट नाही. आणि हा प्रश्न केवळ विक्रमाच्या यादीपुरता नाही. पॅरिससाठी थेट पात्रतेची खूण ६७.२० मीटर होती. ज्याला अमेरिकेतल्या वाऱ्याच्या मैदानापर्यंतचा प्रवास परवडतो, त्याला ती गाठणे सोपे जाते. ज्याला परवडत नाही, तो तितकाच ताकदवान असूनही मागे राहू शकतो. भारताच्या विकास गौडाचा ६६.२८ मीटरचा राष्ट्रीय विक्रमही २०१२ मध्ये ओक्लाहोमातल्याच नॉर्मन येथे झाला होता. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याने ६४.७९ मीटर फेक करत आठवे स्थान मिळवले.

मग थाळीफेकीलाही वाऱ्याची मर्यादा घालावी का? ते दिसते तितके सोपे नाही. धावपटू सरळ रेषेत, जमिनीलगत पळतो. एक वायुमापक पुरतो. थाळी तीन-चार सेकंद हवेत असते. या काळात उंचीनुसार वारा बदलतो आणि त्याची दिशाही महत्त्वाची असते. उजव्या हाताने फेकणाऱ्याला समोरून, किंचित उजवीकडून येणारा वारा मानवतो, तर डावखुऱ्याला त्याच्या उलट. एकच आकडा ठरवून रेघ मारली, तर नवा अन्याय होईल.

पण मोजणी तरी व्हायलाच हवी. प्रत्येक फेकीच्या वेळी वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवून निकालासोबत जाहीर करणे अवघड नाही. काही वर्षांची नोंद हाती आली, की क्रमवारीच्या गुणांत दुरुस्ती करता येईल. तोवर ऑलिंपिकची दारे एका दिवसाच्या एका फेकीवर कमी आणि अनेक स्पर्धांतील सातत्यावर जास्त उघडावीत. क्रमवारीतून प्रवेश देण्याची सोय आजही आहे; तिचा वाटा वाढवता येईल.

अलेक्ना जगातला सर्वांत दूर थाळी फेकणारा माणूस आहे, तरी २०२५ अखेर त्याच्याकडे ऑलिंपिकचे किंवा जागतिक स्पर्धेचे सुवर्ण नाही. यात त्याला कमीपणा नाही. विक्रम आणि पदक या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून थाळीफेकीचा निकाल वाचताना अंतराच्या शेजारी मैदानाचे नावही वाचावे.