देव कोणताही असो, निरोप पाठवणारा कोण?

एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेत एका धर्मगुरूचे गुरुपद आठवड्याच्या आत गेले. त्यांचे नाव फादर जस्टिन. अंगात काळा झगा, गळ्याशी पांढरी कॉलर, पाठीमागे इटलीतल्या असिसीचा देखावा. कॅलिफोर्नियातल्या ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेने भाविकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेतून घडवलेले हे पात्र. विचारणाऱ्यांना ते सांगू लागले, की आपण खरेखुरे धर्मगुरू आहोत. एकाचे कन्फेशन ऐकून त्याला पापमुक्तही केले. वसईतला कोणताही कॅथलिक सांगेल, की हा अधिकार दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचाच. अडीअडचणीला गेटोरेड या खेळाडूंच्या पेयाने बाप्तिस्मा द्यायलाही या महाशयांची हरकत नव्हती! गदारोळ झाल्यावर संस्थेने झगा उतरवला आणि साध्या कपड्यांतला नुसता जस्टिन उरला.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे वाटते, पण त्यात एक गोम आहे. हे यंत्र आहे, असे संस्थेने आधीच जाहीर केले होते. कोणाला गंडवण्याचा तिचा हेतू नव्हता. तरीही पडद्यावरचा चेहरा धडधडीत खोटे बोलत होता, आणि तो ज्यांच्याशी बोलत होता ते श्रद्धेने आलेले होते.

धर्मप्रचाराला ‘फसवा’ म्हणताना जीभ अडखळते, ते स्वाभाविक आहे. अमुक जप केल्याने मोक्ष मिळतो की नाही, याचा निकाल ग्राहक मंच देऊ शकत नाही आणि त्याने देऊही नये. पण बोलतो आहे कोण, आपली माहिती कुठे जाते आणि पैसे कोणाच्या खात्यात पडतात, या तीन गोष्टींचा श्रद्धेशी काही संबंध नाही. त्या तपासता येतात. नेमक्या त्याच लपवल्या जात असतील, तर त्याला फसवणूकच म्हणायला हवे, मग शिकवण कितीही उदात्त असो.

दक्षिण कोरियात हा वाद कोर्टात गेला. ली मान-ही यांनी १९८४मध्ये स्थापन केलेला ‘शिनचॉनजी’ हा पंथ जगाला कळला तो २०२०च्या फेब्रुवारीत, देगू शहरातल्या करोनाच्या उद्रेकामुळे. कोरियन लोकांना मात्र त्याची ख्याती आधीपासून ठाऊक होती. मानसशास्त्रीय चाचणी किंवा साधा बायबलचा वर्ग म्हणून बोलवायचे आणि पंथाचे नाव महिनोन्‌महिने काढायचे नाही. करोनानंतर हेच वर्ग झूमवर आले. सोसान इथल्या न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवून एका माजी सदस्याला ५० लाख वॉन भरपाई दिली. ऑगस्ट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सुरुवातीला ओळख लपवली, एवढ्यावरून निवडीचे स्वातंत्र्य हिरावले असे होत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल, पण माणसाच्या मनात बसत नाही. नाव कळेपर्यंत सहा महिने गेलेले असतात. वर्गातले सोबती जिवलग झालेले असतात, घरच्यांशी खटके उडालेले असतात. उठून जायला दार उघडे असते, पण पाय निघत नाही.

जपानने वेगळी वाट धरली. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची जुलै २०२२मध्ये हत्या झाली आणि मारेकऱ्याचा ज्याच्यावर राग होता, त्या युनिफिकेशन चर्च या पंथाच्या देणग्यांचा विषय पेटला. डिसेंबरमध्ये कायदा आला. भीती घालून देणगी मागण्यास त्याने बंदी केलीच, शिवाय देणगी मागणाऱ्या संस्थेचे नाव स्पष्ट असावे आणि पैशाच्या विनियोगाबद्दल गैरसमज होऊ नये, याची काळजी घेण्याची जबाबदारीही मागणाऱ्यावर टाकली. धर्म कोणता, शिकवण कोणती, याला कायद्याने हातही लावलेला नाही.

माहितीचे काय होते, हा भाग तर भाविकाला दिसतच नाही. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची दिशा दाखवणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ ॲपचा स्थानविषयक डेटा एक्स-मोड या कंपनीकडे आणि तिच्यामार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात असल्याचे नोव्हेंबर २०२०मध्ये उघड झाले. ॲपने ते संबंध लगेच तोडले. ॲप वापरणाऱ्याने प्रार्थनेची वेळ विचारली होती; आपला ठावठिकाणा कोणाला विकायला सांगितले नव्हते. अमेरिकेतल्याच ‘ग्लू’ या कंपनीबद्दल २०२१च्या डिसेंबरमध्ये बातमी आली, ती अधिक अस्वस्थ करणारी होती. घटस्फोट, व्यसन, चिंता अशा संकटातली माणसे डेटावरून हेरायची आणि त्यांच्यापर्यंत चर्चला पोहोचवायचे, असा तिचा व्यवसाय. दुःखिताच्या दारी जाणे हे धर्माचे जुनेच काम आहे. पण त्याच्या दुःखाचा पत्ता विकत घेऊन तिथे जाणे आणि सहज आल्यासारखे दाखवणे, हे त्या कामात बसत नाही.

आपल्याकडे जानेवारी २०२४मध्ये अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या तोंडावर ‘राम मंदिराचा प्रसाद’ म्हणून ॲमेझॉनवर लाडू विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस धाडली. ही विक्री मंदिराची नव्हती, पण मंदिराच्या नावावरच ती चालली होती. खरा कोण आणि तोतया कोण, हे मोबाइलच्या पडद्यावर ओळखायचे कसे?

महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणाऱ्याला पकडतो. नाव लपवून गोड बोलणारा त्यातून सुटतो. माहिती संरक्षणाच्या २०१९च्या विधेयकात धार्मिक श्रद्धा ‘संवेदनशील’ माहितीत मोडत होती. २०२३च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. म्हणजे भक्ताने कोणत्या देवाची पूजा ऑनलाइन नोंदवली, ही माहिती आणि त्याने कोणत्या रंगाची चप्पल मागवली, ही माहिती कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीत.

यावर नवे खाते काढायची गरज नाही. राज्यातल्या सार्वजनिक न्यासांची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरही ‘रजि. नं.’ छापलेला असतो. देणगी मागणाऱ्या प्रत्येक ॲपच्या, व्हॉट्सॲप संदेशाच्या आणि क्यूआर कोडच्या शेजारी न्यासाचे नाव, तो क्रमांक आणि माहिती पुढे कोणाला दिली जाते हे एका ओळीत मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. उत्तर देणारे यंत्र असेल, तर तेही तिथेच सांगावे. प्रामाणिक देवस्थानांना यात गमावण्यासारखे काही नाही, आणि ज्यांची यावर तक्रार असेल त्यांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांनी आधी मागवावेत.