पांढरा पडदा की काळा?
फोनचा पडदा मुळात पांढरा असावा की काळा, हा वाद 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आणि आयओएस 13 यांत डार्क थीम आल्यावर घरोघरी पोचला. काळ्याने बॅटरी वाचते हे अर्धसत्य. ओलेड पडद्यात काळा ठिपका विझलेला असतो, म्हणून बचत होते. स्वस्त फोनच्या एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो. बॅटरीइतकाच प्रश्न उन्हाचा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीसारख्या सातपुड्यातील गावात अंगणवाडी सेविकेला 2021 पासून फोनवरच्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी कराव्या लागतात. भर उन्हात काळ्या पडद्यावर मजकुरापेक्षा आभाळ आणि स्वतःचा चेहराच जास्त दिसतो! पांढऱ्या पडद्यासमोर डोळ्याची बाहुली आकसते, अक्षरे रेखीव दिसतात. अनुस्वार, रफार, मात्रा अशा बारीक खुणांच्या देवनागरीला हे विशेष सोयीचे. अंधारात मात्र तोच पडदा डोळ्यांवर येतो. मोतीबिंदू असलेल्या अनेकांनाही काळाच बरा वाटतो. पण पडदा कोणताही असो, खरी अडचण फिकट राखाडी अक्षरांची आहे. वेबच्या सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुरात आणि पार्श्वभूमीत उजळपणाची किमान 4.5:1 तफावत लागते. सेटिंगच्या वाटेला फारसे कोणी जात नाही, त्यामुळे दिवसा उघड्यावर वापरायच्या ॲपची मूळ थीम पांढरी ठेवून बदलाचे बटण पहिल्याच पानावर देणे योग्य.