मैदानाचे ऋण

धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम, कळंब या तालुक्यांत पाऊस बेताचा, आणि शेती पुष्कळशी त्याच्याच लहरीवर अवलंबून. अशा मुलखात खो-खो रुजावा यात नवल नाही. या खेळाला चेंडू लागत नाही, की फळी लागत नाही. दोन खांब रोवावेत, फक्कीने रेघा आखाव्यात, की मैदान सिद्ध होते. परंतु खेळ स्वस्त असला, तरी खेळाडूचे पोट काही मातीवर भरत नाही. टाळ्या वाजविणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

धाराशिवच्या सारिका काळे यांचेच उदाहरण पाहा. वयाच्या तेराव्या वर्षी त्या खो-खो खेळू लागल्या. वडिलांची मिळकत तोकडी; आई शिवणकाम करी; मुलीला आधार आजी-आजोबांचा. सुमारे दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून त्या खेळ सोडावयास निघाल्या होत्या! देशासाठी पदक जिंकणाऱ्या मुलीवर ही पाळी यावी, हे समाजाला खचित भूषणावह नव्हे. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, म्हणून त्या मैदानावर परतल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता.

त्या वेळी समजूत घालणारे कोणी नसते तर? नियम समजावून देणारे पुष्कळ भेटतात. खेळाडूच्या घरची चूल ठाऊक असणारा गुरू विरळा. सरावात धापा टाकणारी मुलगी आळशी आहे की उपाशी आहे, हे जी स्वतः उपाशीपोटी पळाली तिलाच चटकन उमगते. सारिका काळे पुढे शासनाच्या क्रीडा अधिकारी झाल्या व २०२० मध्ये तुळजापूर येथे त्या पदावर होत्या. अशा खेळाडूंची खरी जागा तीच होय.

उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असे नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराही आहे. स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगण्यात रमणाऱ्याने शिकविण्याच्या भानगडीत पडू नये हे बरे. परंतु खो-खोचा एक नियम येथे आठवावा. ज्याने खो दिला, त्याने ताबडतोब उठणाऱ्याच्या जागी बसावयाचे असते, आणि पाठलाग दुसऱ्याने करावयाचा असतो. वर्षानुवर्षे हे अंगवळणी पडलेल्याला दुसऱ्याचे धावणे पाहून असूया वाटण्याचे कारण नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले. गावोगावी आनंद झाला, आणि तो योग्यच होता. मात्र वाशीसारख्या ठिकाणी सत्कारांच्या हारतुऱ्यांवर होणारा खर्च थोडा आवरून, रोज सायंकाळी शिकविणाऱ्या एखाद्या माजी खेळाडूचे मानधन आणि सरावानंतर मुलींच्या हातावर मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा, एवढ्याची तजवीज आधी व्हावयास हवी.