परसातलं त्रैराशिक

मुलीला शाळेत घातलं नाही म्हटल्यावर नातेवाईक आधी विचारतात, ‘मग गणिताचं काय?’ गणित परसात आहे. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीत एकरभर जीवामृतासाठी 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, शिवाय गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन लागतं. आमची बादली 20 लिटरची. त्रैराशिक मांडल्याशिवाय लेकीला गूळ मिळत नाही. (उरलेला कुठे जातो, मी विचारत नाही.)

चवळीच्या मुळावरची गाठ नखाने फोडली, की आतून गुलाबी निघते. हवेतला नत्र पकडणारे जिवाणू तिथे कामाला असतात. मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तिने ते हातात धरलं.

1937 साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाताच्या कामातून शिकण्याच्या याच विचाराची. पण ती सगळ्यांच्या मुलांसाठी होती. अंगण आणि दिवसभर मोकळा पालक ही आज चैनच आहे, हे मला मान्य आहे. दहावीची चिंता नाही. मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. खरी उणीव सवंगड्यांची.

आमच्या शेजारच्या शाळेत पोषण आहारासाठी परसबाग आहे. मुलं पाणी घालून वर्गात जातात आणि क्षेत्रफळ फळ्यावर शिकतात! गुरुजी, तो तास वाफ्यातच घ्या. टेप घेऊन आम्हीही येतो.