पाणी अडले, वाटपाचे काय?

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकेच पाणी, उसाला बंदी आणि भूमिहीनांनाही वाटा, ही त्याची सूत्रे होत. हिवरे बाजारनेही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून व शेतीसाठी विंधनविहिरींना मज्जाव करून अशीच शिस्त पाळली. याउलट, २०१४ साली आरंभलेल्या जलयुक्त शिवार अभियानात भर राहिला तो नाल्यांच्या खोलीकरणावर. वाटपाचा प्रश्न मागेच पडला. मुरलेले पाणी ज्याचा पंप मोठा त्याच्याच शेतात जाणार असेल, तर भूमिहीनाने श्रमदान कोणासाठी करावे? ग्रामसभेने वाटपाचा नियम ठरविल्याखेरीज पाणलोटाच्या कामास निधी न देणे, हेच श्रेयस्कर.