साथीला गावाचं नाव चिकटलं की रुग्ण का लपतात?

कोविडची साथ ओसरली, पण त्या काळात लागलेली एक सवय अजून आपल्यात आहे. कुठे नवा आजार आढळल्याची बातमी आली की लक्षणं काय, काळजी काय घ्यायची, हे विचारण्याआधी आपण विचारतो, "कुठून आला? कोणी आणला?"

उत्तरही लगेच तयार असतं. कधी एखादा देश, कधी एखादं गाव, कधी एखादा समाज. डॉक्टर म्हणून मला याची काळजी वाटते, कारण या उत्तरामुळे रुग्ण दवाखान्यात उशिरा येतो. उशिरा आलेल्या रुग्णाला वाचवणं अवघड असतं आणि तोपर्यंत त्याच्या घरच्यांनाही लागण झालेली असते.

दोष देण्याची ही सवय जगभर आहे. आपण ती सोसली आहे आणि आपणही ती दाखवली आहे. दोन्ही बाजू नीट पाहूया.

२०२१ मध्ये आपल्याशी जग कसं वागलं?

एप्रिल २०२१ आठवा. नाशिकमध्ये खाटा मिळत नव्हत्या. रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रांगा लावून उभे होते. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले.

दोनच दिवसांनी, २३ एप्रिलपासून, ब्रिटनने भारताला 'रेड लिस्ट'मध्ये टाकलं. ३ मेपासून ऑस्ट्रेलियाने त्यापुढचं पाऊल उचललं. आदल्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही त्या देशाने परत यायला मनाई केली. नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. हा आदेश १५ मेपर्यंत लागू होता. ब्रिटन आणि अमेरिकेत साथ टिपेला होती तेव्हा तिथून परतणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकांना मात्र असा तुरुंगाचा धाक नव्हता.

त्या दिवसांत जगभरच्या बातम्यांत 'इंडियन व्हेरियंट' हेच नाव होतं. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या प्रकारांना ग्रीक अक्षरं दिली आणि बी.१.६१७.२ या प्रकाराला 'डेल्टा' हे नाव मिळालं. तोपर्यंत ज्यांच्या घरातली माणसं गेली होती, त्यांच्याकडेच संशयाने पाहिलं जात होतं.

लशीचंही तसंच झालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड ही मुळात ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाचीच लस. मार्च २०२१ मध्ये ब्रिटनने तिचे ५० लाख डोस नेऊन आपल्या लोकांना दिले. तरीही भारतात कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या प्रवाशाला सप्टेंबरमध्ये ब्रिटन 'लस न घेतलेला' समजत होता. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर १० दिवसांचं विलगीकरण लादलं, त्यानंतर ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम बदलला. लस एकच होती. शंका होती ती भारतातल्या प्रमाणपत्रावर.

पहिल्यांदा सापडला, म्हणजे तिथेच जन्मला का?

हा मुद्दा वैद्यकीय आहे आणि तो समजून घेतला तर निम्मे गैरसमज दूर होतात.

विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना स्वतःच्या प्रती काढतो. प्रती काढताना चुका होतात, त्यांनाच आपण म्युटेशन म्हणतो. जिथे लागण जास्त, तिथे अशा चुका जास्त. त्यांना देशाची सीमा नसते आणि लोकांच्या खाण्यापिण्याशी किंवा धर्माशी त्यांचा संबंध नसतो.

असा बदल लक्षात येतो तो जनुकीय तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत. जो तपासतो, त्यालाच सापडतो. डेल्टाचे सर्वांत जुने नोंदवलेले नमुने ऑक्टोबर २०२० मधले, भारतातले आहेत. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल वाढताना दिसत आहेत. 'डबल म्युटंट' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. नमुने तपासले म्हणून ते कळलं.

दक्षिण आफ्रिकेला याची शिक्षाच मिळाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन ओळखून लगेच जगाला कळवलं. काही दिवसांतच अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमानं बंद केली. नंतर नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या जुन्या नमुन्यांत तोच ओमायक्रॉन सापडला. म्हणजे बंदीच्या आधीच तो युरोपात पोचला होता.

आता विचार करा. प्रामाणिकपणे सांगणाऱ्या देशाला शिक्षा होत असेल, तर पुढच्या वेळी दुसरा देश सांगायला किती उत्सुक असेल?

ही सवय किती जुनी आहे?

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. त्याआधी १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ होती, पण आता जगाच्या लेखी तो मुंबईचा प्लेग झाला. १८९७ मध्ये त्यासाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर व यात्रेकरूंवर निर्बंध आले. त्याच वर्षी भारतात साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली सैनिक घरांत घुसून झडत्या घेऊ लागले. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. पण लपवलेल्या रुग्णांमुळे प्लेग घराघरात मुरत गेला, हा धडा आरोग्याच्या दृष्टीने तितकाच मोठा आहे.

१९१८ च्या फ्लूला 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात. स्पेन पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धकाळाची बंधनं नव्हती, म्हणून बातम्या तिथून आल्या. बातमी दिली म्हणून नाव चिकटलं.

१९९४ तर अनेकांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची बातमी आली. सुरतेच्या कारखान्यांत काम करणारी खानदेशातली हजारो माणसं मिळेल त्या गाडीने घरी परतली. कित्येक देशांनी भारताची विमानं थांबवली, काहींनी आपला माल नाकारला. मृत्यू पन्नासच्या आसपास होते. व्यापार आणि पर्यटनाचं नुकसान मात्र अब्जावधी रुपयांचं झालं.

आणि आपण काय केलं?

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव हॉटस्पॉट झालं. दाटीची वस्ती, एका खोलीत सात-आठ माणसं, यंत्रमागाचं काम. श्वासातून पसरणाऱ्या आजाराला यापेक्षा सोयीचं काही नसतं. पण 'मालेगावमुळे जिल्ह्यात कोरोना वाढला' असं सर्रास बोललं गेलं. तिथला पत्ता सांगितला की माणसं मागे सरकायची. गावातले अनेक खाजगी दवाखाने बंद होते, त्यामुळे कोविड नसलेल्या रुग्णांचेही हाल झाले. मधुमेहाची गोळी किंवा हृदयविकाराचा उपचार चुकला तर माणूस कोविडशिवायही दगावतो. पुढे काही महिन्यांत मालेगावची साथ आटोक्यात आली आणि त्याच गावाच्या 'मालेगाव पॅटर्न'ची चर्चा सुरू झाली.

पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या ईशान्य भारतातल्या मुलामुलींना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. ती आपल्याच देशाची मुलं. १८ मे २०२० रोजी कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना प्रवेशबंदी केली, तेव्हा सीमाभागातल्या मराठी कुटुंबांना दुसऱ्या बाजूचा अनुभव आला.

तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. साथ आली की बळीचा बकरा शोधला जातो आणि या परदेशी नागरिकांना तसं निवडलं गेलं असण्याची शक्यता आहे, असं न्यायालयाने नमूद केलं.

मग चीनला काहीच विचारायचं नाही का?

विचारायचं. जबाबदारी आणि दोषारोप यांत फरक आहे. वुहानमधले डॉ. ली वेनलियांग यांनी सहकाऱ्यांना सावध केलं म्हणून जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना समज दिली. ७ फेब्रुवारीला ते कोविडनेच गेले. अशा सरकारला जाब विचारलाच पाहिजे. विषाणू माणसात नेमका कसा आला हे अजून निश्चित झालेलं नाही, आणि चीनने पुरेशी माहिती दिली नाही हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानेही २०२५ मध्ये सांगितलं आहे.

पण हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. वुहानमधला सामान्य रहिवासी किंवा तिसऱ्याच देशात राहणारं चिनी कुटुंब त्याला उत्तरदायी नाही. २०२१ मध्ये आपल्याकडच्या प्रचारसभा आणि गर्दीवर झालेली टीका रास्त होती. त्यासाठी परदेशातल्या एखाद्या मराठी मुलीच्या शेजारून उठून जाणं रास्त नव्हतं.

खबरदारी कुठे संपते आणि दोषारोप कुठे सुरू होतो?

प्रवासावरची बंधनं नेहमीच चुकीची नसतात. तपासणी, विलगीकरण यामुळे तयारीला थोडा वेळ मिळतो. नियम योग्य आहे का, हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात.

१. तोच धोका असलेल्या सगळ्यांना नियम सारखा आहे का?
२. तो ठरावीक मुदतीचा आहे का?
३. त्यात अडकलेल्याला उपचार आणि मदत मिळते का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ती खबरदारी. नसेल तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

तुम्ही काय करू शकता?

• डॉक्टरांना प्रवास खरा सांगा. कुठे गेला होतात हे आम्ही निदानासाठी विचारतो. दोडामार्ग भागातून आलेल्याच्या तापात माकडतापाचा विचार करावा लागतो, पुराच्या पाण्यातून चाललेल्याच्या तापात लेप्टोस्पायरोसिसचा, आखाती देशातून आलेल्याच्या न्यूमोनियात मर्सचा. प्रवास लपवला तर योग्य तपासणी उशिरा होते.

• आजाराचं नाव घ्या, गावाचं नको. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे की नव्या आजाराला देश, समाज किंवा व्यवसायाचं नाव देऊ नये. घरातही हेच पाळा, मुलं आपल्याकडूनच शब्द उचलतात.

• पुढे पाठवण्याआधी थांबा. संदेशात आकडा आणि तारीख नाही, पण एखाद्या समाजाचं नाव आहे, असं असेल तर तो पाठवू नका.

• घरातलं कोणी परदेशी असेल तर लसीकरणाची प्रमाणपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या (औषधाच्या मूळ नावासह) आणि प्रवासाआधी पुरेशी औषधं जवळ ठेवा. नियम अचानक बदलतात, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या संपायला नकोत. नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा.

• सोसायटीत कोणी आजारी पडलं तर दारावर चिठ्ठी लावण्याऐवजी दूध, भाजी, औषधं पोचवा. वाळीत टाकलेलं घर पुढच्या वेळी ताप लपवतं आणि त्याचा धोका तुमच्याच मजल्याला असतो.

• बदनामीचा मानसिक त्रास होत असेल तर १४४१६ या टेलि-मानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

हे आत्ताच सांगण्याचं कारण म्हणजे सिंहस्थ. २०२६-२७ च्या सिंहस्थात देशभरातून आणि परदेशातून कोट्यवधी लोक नाशिक-त्र्यंबकेश्वरला येतील. इतक्या गर्दीत जुलाब, ताप, खोकल्याचे रुग्ण सापडणारच, आणि चांगली आरोग्ययंत्रणा असेल तर जास्तच सापडतील. तेव्हा कोणी त्याला 'नाशिकचा ताप' म्हणेल, तर कोणी 'बाहेरच्यांनी आणलेला'. रुग्ण यात्रेकरू असो की पंचवटीतला रहिवासी, त्याने न घाबरता पहिल्याच दिवशी दवाखान्यात यावं, यासाठी ही दोन्ही वाक्यं आपल्या तोंडून जाणार नाहीत एवढं तरी आपण नक्की करू शकतो.